बोटांच्या बेचक्यांत

हा हात १६ वर्षांच्या एका मुलाचा. बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या, मनगटावर ओरखडे. आणि नीट पाहिलं तर कातडीत एक राखाडी, नागमोडी रेघ. डॉक्टर डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं भिंग, टेकवतात. रेघेच्या टोकाला छोटासा गडद त्रिकोण दिसतो. ही खरजेच्या किड्याची मादी, अर्ध्या मिलिमीटरहून लहान. कातडी पोखरत, रोज २-३ अंडी घालत ती पुढे सरकते.

अंगावर असे किडे असतात जेमतेम १०-१५. रात्र रात्र झोपू न देणारी खाज सुटते ती शरीराला त्यांचं वावडं असतं म्हणून. पहिल्या लागणीत हे वावडं तयार व्हायलाच ४ ते ६ आठवडे जातात. तोवर खरूज शेजारी झोपणाऱ्या भावंडापर्यंत पोचलेली असते. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, “घरात आणखी कुणाला खाजतंय का?”

या वयातली मुलं जांघेतल्या पुटकुळ्यांबद्दल बोलतच नाहीत. लाज वाटते. मग कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम गुपचूप लावलं जातं. खाज दबते, पुरळ ओळखू येईनासं होतं आणि किडे वाढत राहतात. जीव तुटतो तो इथे.

आता हा हात दुसऱ्या एका रुग्णाचा. नखांखाली, तळव्यावर जाड, भुरकट पापुद्रे. प्रतिकारशक्ती ढासळली की खरूज असं रूप घेते. या पापुद्र्यांत किडे हजारोंनी, कधी लाखोंनी असतात. खाज मात्र कधी कधी जवळजवळ नसतेच, म्हणून अनेकदा सोरायसिस हा कातडीचा वेगळाच आजार समजून उपचार होतात. पापुद्रा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की शंका उरत नाही. अशा रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. किडे मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या एकदा देऊन भागत नाही. पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या, पंधराव्या दिवशी, गरजेनुसार पुढेही. जोडीला पर्मेथ्रिन हे किडे मारणारं मलम, आणि पापुद्रे मऊ करणारं दुसरं मलम.

पहिल्या मुलाला ५ टक्के पर्मेथ्रिन पुरेल. रात्री मानेपासून तळपायापर्यंत, बेंबीत, कापलेल्या नखांखालीसुद्धा. ८ ते १४ तासांनी आंघोळ. आठवड्याने पुन्हा तसंच. घरातल्या सगळ्यांनी, खाज नसली तरी, त्याच रात्री लावायचं. कपडे, अंथरूण-पांघरूण कढत पाण्यात धुवायचं.

किडे मेले तरी खाज २ ते ४ आठवडे रेंगाळते. औषध लागू पडलं नाही असं वाटून पुन्हा पुन्हा मलम चोपडलं, तर कातडी आणखी चिडते. म्हणून महिन्याभराने त्याला परत बोलावलंय. तोच हात, त्याच बेचक्या. डॉक्टर नवी रेघ शोधताहेत.