सशाची फाइल उघडताना

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, राखाडी पार्श्वभूमी, मधोमध एक जाडजूड ससा. माउसवर कुणाचा तरी हात.)

हा ससा तुम्ही कुठेतरी पाहिलाय. टीव्हीच्या दुकानात, नाहीतर एखादा व्हिडिओ प्लेअर नीट चालतो का हे तपासताना. ‘बिग बक बनी’, साल २००८, तयार झाला ॲम्स्टरडॅममध्ये. आत्ता समोर आहे ती त्या सिनेमाची मूळ फाइल. स्टुडिओतले ॲनिमेटर जिच्यावर बसून काम करत होते, तीच.

बघा, केस बंद केले. ससा तुळतुळीत झाला. आता कातडी लपवली. आत हाडांचा सांगाडा, आणि हाडांना जोडलेले हे कंट्रोल. हा ओढला की कान हलतो, तो ओढला की भुवई वर जाते. असं सेकंदाला २४ चित्रांसाठी, जवळजवळ दहा मिनिटांच्या सिनेमाभर.

मोठे स्टुडिओ असल्या फायली दाराबाहेर जाऊ देत नाहीत. ही मात्र कुणीही उतरवून घ्यावी, मोडावी, बदलावी, विकावीसुद्धा. अट एकच, मूळ कर्त्यांचं नाव द्यायचं.

(दृश्य: जुन्या ॲनिमेशनचे तुकडे.)

हा ससा घडला ब्लेंडर नावाच्या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याची सुरुवात नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनची. टॉन रोझेंडाल यांनी १९८८ साली भागीदारीत ‘निओजिओ’ नावाचा ॲनिमेशन स्टुडिओ काढला. दुसऱ्यांची कामं करून चालणारा स्टुडिओ. हाताशी होतं ते घरचंच सॉफ्टवेअर, तेही जुनं झालेलं. मग नवं लिहायला घेतलं. २ जानेवारी १९९४ हा त्याचा, म्हणजे ब्लेंडरचा, वाढदिवस धरतात. १९९८ मध्ये ब्लेंडर जगभर पोचवायला ‘नॉट अ नंबर’ ही वेगळी कंपनी निघाली, गुंतवणूकदारांचा पैसा आला, आणि २००२ च्या सुरुवातीला ती बंद पडणार हे उघड झालं.

(दृश्य: माकडाचं डोकं, सावकाश फिरतंय.)

हे डोकं त्या दिवसांतलं. कंपनीची शेवटची आवृत्ती बाहेर काढताना तिथल्या मंडळींनी तयार आकारांच्या मेनूमध्ये एक चिंपांझी ठेवून दिली. ठोकळा, गोळा, शंकू, नळकांडं, आणि त्यांच्या रांगेत ही. नाव सुझान. जाता जाता मागे ठेवलेली आपली खूण. आजही ब्लेंडर शिकणारा कुणीही उजेड कसा पडतो, रंग कसा चढतो हे पाहायला आधी सुझानलाच पुढे आणतो. ही कपाळाची कड बघा. ही भुवईखालची सावली.

ब्लेंडरचे हक्क गुंतवणूकदारांकडे अडकले होते. एकरकमी एक लाख युरो दिले तर कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा लिहिलेला मूळ मजकूर, मोकळा करू, असं ठरलं. १८ जुलै २००२ ला रोझेंडाल यांनी लोकांसमोर झोळी पसरली. सात आठवड्यांत ती भरली! १३ ऑक्टोबर २००२ ला ब्लेंडरचा सगळा सोर्स कोड जगासाठी खुला झाला. तो परत कुलूपबंद करता येणार नाही, अशाच परवान्याखाली.

(दृश्य: ‘एलिफंट्स ड्रीम’, यंत्रांच्या जंगलातून चालणारी दोन माणसं.)

पण हत्यार किती धारेचं आहे हे कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून ब्लेंडरवाल्यांनी स्वतःच सिनेमे काढले. पहिला २००६ चा, हा समोर दिसतोय तो. सुरुवातीच्या सिनेमांना काम चालू असताना एका फळाचं नाव द्यायचं, अशी पद्धतच पडली. संत्रं, पीच, ड्युरियन, आणि हो, आंबासुद्धा. सिनेमा तयार होण्याआधीच लोकांनी डीव्हीडीचे पैसे भरायचे, आणि भरणाऱ्यांची नावं शेवटी अशी पडद्यावर सरकायची.

(दृश्य: नामावली. निवेदन थांबतं.)

यातली खरी गंमत कामाच्या पद्धतीत आहे. चित्रं करणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे सोबत बसतात. पीचच्या, म्हणजे ‘बिग बक बनी’च्या, वेळी सशाला केस हवे होते, कुरणाला गवत हवं होतं, आणि ब्लेंडरला ते धड जमत नव्हतं. कलाकार अडला की त्याची अडचण थेट कोड लिहिणाऱ्याच्या टेबलावर. तो सुधारून देणार, हा वापरून बघणार, पुन्हा नाक मुरडणार, पुन्हा दुरुस्ती. आंब्याच्या वेळी खऱ्या नटांबरोबर खोटे यंत्रमानव उभे करायचे होते. त्यासाठी लागणारं, कॅमेऱ्याची हालचाल ओळखणारं साधन सिनेमाच्या निमित्तानं पारखलं गेलं, सुधारलं. सिनेमा पूर्ण होतो तोवर ती सोय ब्लेंडरच्या नव्या आवृत्तीत आलेली असते. तुमच्या मशीनवर, माझ्या मशीनवर, एक पैसा न मोजता.

(दृश्य: कड्यावर उभी एकटी मेंढी.)

ही त्यांच्याच २०१५ च्या ‘कॉस्मॉस लॉन्ड्रोमॅट’मधली मेंढी. सिनेमा पूर्ण लांबीचा व्हायचा होता. पुरेसा निधी जमला नाही. बारा मिनिटं झाली.

(दृश्य: पाणी, नाव, काळं मांजर.)

आणि हे २०२४ चं ‘फ्लो’. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांचा सिनेमा. ब्लेंडरमध्येच केलेला, २०२५ चं ऑस्कर मिळालेला.

(दृश्य: कॅमेरा लॅपटॉपवरून मागे सरकतो. पुण्यातली एक खोली, दोरीवर कपडे, खिडकीत पाऊस.)

सुरुवातीला पाहिलेला हात हिचा. कॉलेजचं दुसरं वर्ष. फाइल रात्रभर उतरवून घेतली. सशाचा डावा कान खाली केलाय, उजवा अजून वरच आहे. ती आता प्ले दाबतेय.