लघवीची धार आणि जिवाणूची पकड

उन्हाळी लागली की घरात पहिलं काय होतं, तर धन्या-जिऱ्याचं पाणी. त्याला माझी काही हरकत नाही, प्या. पण जळजळ थांबत नाही म्हणून डॉक्टर युरिन कल्चर, म्हणजे लघवीत कोणता जिवाणू वाढतो ते बघणारी तपासणी, करायला सांगतात आणि रिपोर्टवर बहुतेक वेळा एकाच जिवाणूचं नाव येतं, ई. कोलाय. लघवीच्या साध्या इन्फेक्शनच्या चारातल्या तीन केसेस याच्याच. आता हा काही बाहेरून आलेला पाहुणा नाही, आपल्याच आतड्यात राहतो, तिथे गुण्यागोविंदाने नांदतो, आणि बायकांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटीमीटरची, त्यामुळे तिथून वर चढायला त्याला फार लांब जावं लागत नाही.

मला गंमत वाटते ती पुढची. मूत्राशय ही जिवाणूसाठी अगदी वाईट जागा आहे हो, दर काही तासांनी सगळं धुऊन निघतं. मग हा टिकतो कसा? तर त्याच्या अंगावर शेकडो केसांसारखे तंतू असतात, त्यांना पिलाय म्हणतात. जाडी साधारण 7 नॅनोमीटर, म्हणजे साध्या मायक्रोस्कोपखाली दिसणारच नाहीत. प्रत्येक तंतूच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रोटीन, त्यात एक छोटासा खळगा, आणि त्या खळग्यात मॅनोज नावाची साखर नेमकी बसते. मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर जी प्रोटीन्स आहेत त्यांच्यावर हीच साखर लागलेली असते. झालं, धरायला जागा मिळाली.

हे कॉलेजच्या लॅबमध्ये सहज दाखवता येतं. बेकरीतलं यीस्ट घ्यायचं, त्याच्या अंगावर मॅनोजच मॅनोज असतं, काचपट्टीवर त्याचा एक थेंब आणि जिवाणूंच्या कल्चरचा एक थेंब, पट्टी हळूहळू हलवत राहायची, थोड्या वेळात नुसत्या डोळ्यांना गुठळ्या दिसायला लागतात. दुसऱ्या पट्टीवर आधी मॅनोजचं द्रावण घालते, मग बघा, काहीच होत नाही, कारण सगळे खळगे आधीच भरून गेलेत. मुलं पहिल्यांदा बघतात तेव्हा परत करा म्हणतात.

बरं, पकड नुसती पकड नाही. 2002 साली एक संशोधन आलं, त्यात दिसलं की प्रवाहाचा जोर वाढला की फिम-एच आणखी घट्ट धरतं. सरफास कसा, ओढला की आवळतो, तसं. धार जोरात आली की पकड पक्की आणि धार मंदावली की सैल, मग हा आरामात पुढे सरकतो. शिवाय तंतूही वेटोळ्यांचा असतो, ताण आला की उलगडत लांब होतो, तुटत नाही. म्हणजे ज्या धारेने याला वाहून न्यायचं तिच्यातच घट्ट बसायची सोय, याला काय म्हणायचं!

चिकटला की तो पेशीच्या आत शिरतो. पेशीही काही कच्च्या नाहीत, वरचा थर गळून पडतो आणि लघवीवाटे जिवाणूंसकट निघून जातो. पण काही जण आतच गर्दी करून वाढतात, हे 2003 मध्ये उंदरांमध्ये दिसलं आणि नंतर बायकांच्या लघवीच्या नमुन्यातही दिसलं. "औषध घेतलं, बरं वाटलं, महिन्याभरात परत" हे जे ऐकायला मिळतं त्याचं एक कारण बहुधा इथे असावं.

किडनीपर्यंत जाणाऱ्यांकडे बऱ्याचदा वेगळे तंतू असतात, पी पिलाय. ते मॅनोज सोडून किडनीच्या पेशींवरची दुसरीच साखर धरतात. तीच साखर लाल रक्तपेशींवरही असते, पी रक्तगटाशी तिचा संबंध आहे, म्हणून नावात पी. थंडी वाजून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं असेल तर मात्र धन्याचं पाणी बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आपलं शरीर पण डाव टाकतं. किडनी युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन लघवीत सोडते, त्याच्यावर मॅनोज असतं, जिवाणू त्यालाच जाऊन चिकटतो आणि बाहेर जातो.

मग मॅनोजची पावडर खाल्ली तर? मेडिकलमध्ये मिळते, महाग आहे. काचपट्टीवर जमतं म्हणून माणसात जमेलच असं नाही. 2024 मध्ये ब्रिटनमधल्या 598 बायकांवरच्या चाचणीचा निकाल आला, वारंवार त्रास होणाऱ्या बायका होत्या, सहा महिने रोज पावडर घेऊनही विशेष फरक पडला नाही. मॅनोजसारखेच पण खळग्यात कितीतरी घट्ट बसणारे रेणू बनवलेत, उंदरांमध्ये चांगले चालले, माणसांवर काम सुरू आहे.

पाण्याचं मात्र वेगळं निघालं. 2018 चा अभ्यास आहे, बल्गेरियातला, मुळात पाणी कमी पिणाऱ्या आणि सारखं इन्फेक्शन होणाऱ्या 140 बायका, त्यातल्या निम्म्यांनी रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, तर वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला आणि बाकीच्यांना 3.2 वेळा. चिकटलेला सुटत नसेल, पण सगळेच काही एका वेळी चिकटलेले नसतात, पिलाय फुटलेच नाहीत असेही कितीतरी असतात, ते जातात वाहून. फक्त किडनीचा किंवा हार्टचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारूनच पाणी वाढवा.