शीड चढवण्याआधी

(दृश्य: ट्रेलरवर बांधलेली बोट. दोर सुटत आहेत.)

होबी १६, शिडाची बोट. लांबी पाच मीटर, रुंदी अडीच मीटरला थोडी कमी, वजन साधारण १४५ किलो. दोन अरुंद हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बोटीची अंगं, मध्ये ताणलेलं ट्रॅम्पोलिन, म्हणजे बसायचं कापड, आणि ८ मीटरहून उंच डोलकाठी. एवढ्या हलक्या बोटीवर जवळजवळ २० चौरस मीटर शीड चढणार आहे. ती का पळते, ते यातच आलं.

हिचा आराखडा होबी ऑल्टर यांचा. हे कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अशा बोटी घडवल्या, ज्यांना बंदराच्या धक्क्याची गरज नाही. वाळूवरून ढकलायच्या आणि थेट लाटांत शिरायचं. हलचा आकार नीट पाहा. बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. बोट कलली की एक हल जास्त बुडतो आणि हा आकारच तिला आडवं वाहून जाऊ देत नाही. म्हणून खाली सोडायची पाती हिला नाही. वाळूवर ती सरळ चढते.

(दृश्य: हलवर दाबणारा तळहात.)

बोट नवीन घेतली असली, तरी आधी दुसऱ्याने वापरलेली आहे. त्यामुळे पहिलं काम हाताने तपासण्याचं. हलच्या पुढच्या भागावर तळहाताने दाबत जायचं, बोटाच्या पेराने ठोकत जायचं. टणक आवाज आला, ठीक. आवाज बसका आला, पृष्ठभाग आत गेला, तर फायबरचे थर आतून सुटले आहेत. अशी बोट वाऱ्यात नेऊ नका.

मग तारा. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा तीन: एक समोरून, दोन बाजूंनी. त्यांवरून जाडं फडकं फिरवा. धागा अडकला, म्हणजे तिथे तारेची एक काडी तुटली आहे. काडी एकच तुटली, अजून चालेल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तार बदला.

(दृश्य: आडवी डोलकाठी. कॅमेरा वर, मोकळ्या आकाशाकडे.)

डोलकाठी उचलण्याआधी वर बघा. फक्त इथेच नाही. इथून पाण्यापर्यंत बोट ज्या वाटेने जाईल, ती सगळी वाट चालून या. वरून विजेची तार जात असेल, तर जागा बदला. ॲल्युमिनियमच्या डोलकाठ्या तारांना टेकून माणसं गेली आहेत. पुढे हिच्या टोकाचा भाग वीज न वाहणाऱ्या फायबरचा केला गेला. पण खालचा भाग धातूचाच आहे आणि आधाराच्या ताराही.

आता उचलायची. बाजूच्या दोन्ही तारा आधीच अडकवलेल्या. डोलकाठीचा पाय बिजागरीच्या पिनेने बुडाशी पक्का केलेला, नाहीतर तो ऐन वेळी घसरतो. एकाने ट्रॅम्पोलिनवर उभं राहून डोलकाठी खांद्यावरून वर ढकलायची, दुसऱ्याने पुढून दोर ओढायचा. घाई नाही. ती मध्येच वाकडी झाली तर जोर लावायचा नाही, पुन्हा खाली घ्यायची. उभी राहिली, की समोरची तार जोडेपर्यंत पुढचा दोर सोडायचा नाही. पिन घातली, पिनेत कडी घातली, कडीवर टेप गुंडाळली. ही कडी नखाएवढी आहे. ती शिडाच्या दोराला अडकून निघाली, तर डोलकाठी खाली येते. शेवटी बुडाची ती बिजागरीची पिन काढून घ्यायची, म्हणजे डोलकाठी आपल्या जागी फिरू शकते. वाऱ्याबरोबर तिने फिरायलाच हवं.

शीड चढवताना बोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे. आणि हे काम पहिल्यांदा वाळूवरच करा. चढवा, उतरवा, पुन्हा चढवा. वर चढलेलं शीड खाली कसं येतं, हे हाताला ठाऊक नसेल, तर अजून पाण्यात जायचं नाही. दोन्ही हलच्या मागच्या टोकांना पाणी काढायच्या भोकांचे प्लग आहेत. ते घट्ट बसवा.

(दृश्य: बोट पाण्यात.)

वारा हलका, किनाऱ्याला समांतर. किनाऱ्याकडून आत समुद्रात वाहणारा वारा नवख्यांसाठी नाही, कारण काठावर पाणी शांत दिसतं आणि परतताना तोच वारा समोर उभा असतो. लाइफ जॅकेट काठावरच अंगात चढलेलं हवं.

वळताना ही बोट आधी अडते. वेग हवा, सुकाणू हळू फिरवायचं, आणि नाळ वाऱ्याच्या पलीकडे जाईपर्यंत जिब, म्हणजे पुढचं लहान शीड, जुन्याच बाजूला धरून ठेवायची. तरी अडकलात, तर बोट मागे सरकू लागते. मग सुकाणू उलट्या बाजूला.

(दृश्य: दोघं बोट मुद्दाम पाडतात.)

हे पहिल्याच दिवशी करायचं, किनाऱ्याजवळ, पण डोलकाठी तळाला लागणार नाही इतक्या खोल पाण्यात. बोट आडवी पडली, की शिडांचे दोर मोकळे करा. बोटीला सोडून पोहू नका. एकाने नाळेकडे सरकायचं. त्याच्या वजनाने ते टोक दबून पाण्यात अडतं आणि वारा बाकीची बोट फिरवून नाळ वाऱ्याकडे आणतो. मग वरच्या हलवरून उलटा आणलेला दोर धरून दोघांनी मागे झुकायचं. पूर्ण अंग टाकून. डोलकाठीचं टोक पाण्याबाहेर यायला वेळ लागतो. एकदा शिडाखाली वारा शिरला, की बोट झपकन उठते. वरचा हल खाली येताना डोक्यावर घेऊ नका, आणि बोटीवरचा हात सुटू देऊ नका, ती तुमच्याविना निघून जाईल. एकट्या हलक्या माणसाला ही बोट सहसा उठत नाही. म्हणून सुरुवातीला दोघं.

(दृश्य: किनाऱ्यावर परत. प्लग निघतो.)

परतल्यावर लगेच प्लग काढा, नाळ थोडी उचला. ओंजळभर पाणी निघालं, तर चालतं. धार लागली, तर हल कुठून गळतो ते सापडेपर्यंत पुढची फेरी नाही.