पॉलिपच्या आत काय बिघडतं?

[दृश्य : पुण्यात टिळक रस्त्यालगतची एक पॅथॉलॉजी लॅब. मायक्रोटोमचं, म्हणजे अतिशय पातळ काप काढणाऱ्या यंत्राचं, चाक फिरतंय.]

निवेदन : मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला हा तुकडा हरभऱ्याच्या डाळीएवढाही नाही. कोलोनोस्कोपी करताना, म्हणजे दुर्बीण घालून मोठं आतडं तपासताना, काढलेला पॉलिप, आतड्याच्या अस्तरावर उगवलेला कोंब. चाकाच्या एका फेऱ्यात सुमारे ४ मायक्रॉन जाडीचा पापुद्रा सुटतो. पापुद्रे एकमेकांना चिकटून पट्टी होते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की अलगद काचपट्टीवर घ्यायची.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकातून. डावीकडे निरोगी अस्तर, उजवीकडे पॉलिप.]

निवेदन : डावीकडे गोल गोल दिसतात ते क्रिप्ट, म्हणजे अस्तरातले खोल, अरुंद खळगे. आडवे कापले गेल्यामुळे गोल दिसतात. पेशींत श्लेष्म्याचे फुगीर थेंब, केंद्रकं तळाला ओळीत. उजवीकडे श्लेष्मा जवळजवळ नाहीसा झालाय. केंद्रकं लांबट, गडद, एकमेकांवर चढलेली. याला अ‍ॅडेनोमा म्हणतात. हा कॅन्सर नव्हे. अजून तरी नव्हे.

आतड्याचं हे अस्तर पाचेक दिवसांत नवं होतं. क्रिप्टच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्यांच्यापासून झालेल्या पेशी वर सरकतात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. त्यामुळे त्यांच्या डीएनएत बिघाड झाला तरी सहसा काही बिघडत नाही, आठवड्याभरात त्या शौचावाटे बाहेर! घात होतो तो तळाशी कायम मुक्काम ठोकून असलेल्या पेशीत बिघाड झाला तर.

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या दहापैकी सुमारे आठ रुग्णांच्या गाठीत एपीसी हे जनुक बिघडलेलं सापडतं. १९९१ साली ओळखलं गेलेलं, पाचव्या गुणसूत्रावरचं जनुक. पेशीत बीटा-कॅटेनिन नावाचं प्रथिन सतत बनतं आणि एपीसीच्या मदतीने सतत मोडीत निघतं. एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की ते साचतं, केंद्रकात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं, बाहेरून कुणाचा निरोप आलेला नसतानाही. काही घराण्यांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते. तिथे ऐन तारुण्यात शेकडो पॉलिप उगवतात.

पुढे केरास नावाचं जनुक बिघडतं, मग टीपी-५३ नावाचं. हा क्रम १९९० साली फेअरॉन आणि फोगेलस्टाइन या संशोधकांनी मांडला. पाठ्यपुस्तकांत तो जिन्यासारखा काढतात. पण त्यांनीच म्हटलं होतं, बिघाड कुठल्या क्रमाने झाले यापेक्षा ते साठत गेले हे महत्त्वाचं. काही पॉलिपांची वाट तर वेगळीच. तिथे सुरुवात बीराफ या जनुकापासून होते, आणि डीएनएची दुरुस्ती करणारं एमएलएच-१ हे जनुक एकही अक्षर न बदलता, नुसते मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चिकटून बंद पडतं.

[दृश्य : दवाखान्याबाहेरची रांग.]

निवेदन : अ‍ॅडेनोमाचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि बरेचसे अ‍ॅडेनोमा तिथवर जातही नाहीत. एवढी सवड फार थोड्या कॅन्सरांत मिळते. आपण ती कशात घालवतो? पेठेत काय, हडपसरला काय, शौचात रक्त दिसलं की निदान घरीच होतं : मूळव्याध. मग मेडिकलमधून मलम आणि कुणीतरी सुचवलेलं चूर्ण. मूळव्याध असेलही, पण ती तपासून ठरवायची गोष्ट आहे.

[दृश्य : रिपोर्ट टाइप होतोय.]

निवेदन : या पॉलिपचा रिपोर्ट : ट्युब्युलर अ‍ॅडेनोमा, लो-ग्रेड डिस्प्लेसिया, कडा मोकळ्या. म्हणजे नळ्यांसारख्या रचनेचा पॉलिप, पेशींतला बिघाड सौम्य, आणि तो कापलेल्या कडेपर्यंत पोचलेला नाही. पुढची कोलोनोस्कोपी किती वर्षांनी, हे या ओळीवर आणि पॉलिपांच्या संख्येवर, आकारावर ठरेल.