पिचरची कंबर मिटते कधी?

प्रशिक्षक मित्रमैत्रिणींनो,

फास्टपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारी खेळाडू, हात खांद्यातून गोल फिरवून खालून चेंडू फेकते. तिच्या सरावात एक हाक हमखास ऐकू येते: ‘कंबर मार! दार लाव!’ म्हणजे बाजूला वळलेली, ‘उघडी’ कंबर झटक्यात समोर फिरवून ‘मीट’. मीही वर्षानुवर्षं हेच ओरडत आलो. आज त्याबद्दलच बोलायचं आहे, कारण या हाकेनं मी चांगल्या चांगल्या मुलींचे हात बिघडवले.

माझ्याकडे १३ वर्षांची एक मुलगी होती. उजव्या खुब्याच्या खाली तिला कायम काळानिळा डाग. चेंडू सोडताना तिचाच हात तिथे आपटायचा. मी म्हटलं, हात जरा लांबून आण. तिनं ऐकलं. मग कोपर बाहेर निघालं, खांदा दुखू लागला आणि चेंडू वाट्टेल तिकडे जाऊ लागला. हाताचा दोष नव्हताच. माझ्या हाकेबरोबर ती कंबर आधीच मिटत होती आणि मिटलेला खुबा हाताच्या वाटेत आडवा येत होता.

उजव्या हाताची पिचर फेकीच्या जागेवरच्या प्लेटवरून झेपावते, हात वर जातो, तशी तिची कंबर तिसऱ्या बेसकडे, म्हणजे तिच्या उजवीकडे, उघडते. त्याशिवाय हात सरळ रेषेत फिरूच शकत नाही. इथवर सगळ्यांचं एकमत आहे. गडबड होते ती पुढचा पाय टेकल्यावर. तो पाय भक्कम रोवला गेला की पुढे धावणारी कंबर अडते, आणि तिचा वेग धडात, खांद्यात, कोपरात, शेवटी मनगटात उतरतो. चाबूक आठवा. मूठ थांबते तेव्हाच टोक सणसणतं. मूठ फिरतच राहिली तर आवाज कसला येणार? चेंडू सुटतो त्या क्षणी कंबर अजून अर्धवट उघडीच असते, ढोबळमानानं ४५ अंशांत. मिटते ती चेंडू गेल्यावर, आपसूक. विश्वास बसत नसेल तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि चेंडू बोटांतून निसटतो तिथे थांबवून बेंबी कुठे वळली आहे ते पाहा.

म्हणून शिकवताना मी आता ‘कंबर’ हा शब्दच उच्चारत नाही. फलंदाजासमोरच्या होम प्लेटपर्यंतचं ४३ फुटांचं अंतरही सुरुवातीला विसरायचं. जाळीसमोर दहा फुटांवर मुलीला पाय फाकवून उभं करायचं: बेंबी तिसऱ्या बेसकडे, पुढचं पाऊल किंचित तिरकं, हात डोक्यावर. तिथून हात खाली आणून फेकायचं. सूचना एकच: ‘पुढच्या पायावर थांब.’ मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे येईलच, त्याला ढकलायला जाऊ नका.

पूर्ण फेकीवर आलात की जमीन वाचायला शिका. मागच्या पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ उमटते. ती होम प्लेटच्या दिशेनं निघाली असेल तर काम नीट चाललंय. रेघेऐवजी पाय जागच्या जागी घुसळल्यासारखा खळगा दिसला, तर मुलगी पुढे सरकण्याआधीच फिरते आहे. मग परत जाळीसमोर. कंटाळा येतो, मान्य आहे, पण खांदे वाचतात.

त्या मुलीकडून मी हे दीड महिना करून घेतलं. डाग गेला. सरावानंतर पँटच्या बाजूला, खुब्याजवळ, हात घासून गेल्याचा मातकट पट्टा तेवढा दिसायचा.