शुक्रवार संध्याकाळ आणि ६५ वा नंबर

नमस्कार मंडळी!

रणजी खेळणाऱ्या पोराचं विमानाचं तिकीट कोण काढतं? असोसिएशन. हॉटेल? तेही असोसिएशनच बघते. टीम हरली तरी मॅच फी मिळते. आता यातलं सगळं काढून टाका. तिकीट तुमचं, खोली तुमची, बॅग उचलणाऱ्या कॅडीचा पगार तुमच्या खिशातून, आणि दोन दिवस खराब गेले तर हातात शून्य. अमेरिकेतली गोल्फ स्पर्धांची मालिका, कॉर्न फेरी टूर, अशी चालते.

पीजीए टूर म्हणजे तिथली गोल्फची वरची पायरी, आणि तिच्या लगेच खालची ही. १९९० साली बेन होगन टूर म्हणून सुरू झाली. पुढे प्रायोजक बदलले तशी नावं बदलली, आणि २०१९ पासून हे नाव आहे. सीझन उघडतो जानेवारीत, बहामाजमध्ये, समुद्राच्या वाऱ्यात. मग दक्षिण अमेरिकेत जायचं. बोगोटा जवळपास २,६०० मीटर उंचावर आहे. तिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, म्हणजे कुठल्या क्लबने (गोल्फच्या काठीने) किती अंतर जाईल हा वर्षानुवर्षं मुरलेला अंदाज त्या आठवड्यापुरता बाजूला ठेवायचा. खाली उतरलं की परत जुना हिशोब! त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत अमेरिकेतल्या छोट्या-मोठ्या शहरांत फिरती. हॉटेल परवडत नाही म्हणून बरेच खेळाडू गावातल्या एखाद्या कुटुंबाकडे आठवडाभर राहतात.

आता मुख्य गोष्ट, कट, म्हणजे अर्ध्यावरची गाळणी. साधारण दीडशे खेळाडू गुरुवारी सुरुवात करतात. शुक्रवारी दुसरा राऊंड (१८ होलचा डाव) संपला की पहिले ६५, आणि ६५ व्या नंबरावर बरोबरीत असलेले, एवढेच पुढे खेळतात. बाकीचे सामान भरतात. बक्षिसाची एकूण रक्कम बहुतेक स्पर्धांत दहा लाख डॉलर, त्यातले १,८०,००० विजेत्याला. कट हुकलेल्याला एक डॉलरही नाही.

वर्षभराचे पॉइंट्स मोजून पहिल्या २० जणांना पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क, मिळतं. २०२४ पर्यंत ३० जणांना मिळायचं. हे दहा जण कमी करणं मला अजिबात पटलेलं नाही. जो २१ वा येतो तो २० व्यापेक्षा कितीसा कमी असतो हो? वर्षभरात हुकलेला एखादा पट, म्हणजे होलजवळचा हलका फटका.

[स्क्रीनवर: पोर्टलंड, २०१८]

अमेरिकन गोल्फर मॅक्स होमाचं उदाहरण सांगतो. २०१७ च्या सीझनमध्ये तो पीजीए टूरवर १७ स्पर्धा खेळला, कट गाठले फक्त २, कमाई १८,००८ डॉलर. कार्ड गेलं, तो परत खाली आला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पोर्टलंडला नियमित सीझनची शेवटची स्पर्धा होती. होमाला सीझनच्या क्रमवारीत पहिल्या ७५ मध्ये राहून फायनल्स गाठायच्या होत्या, म्हणजे सीझनअखेरच्या स्पर्धा, ज्यांतून तेव्हा कार्ड मिळायचं, आणि शुक्रवारी चार होल उरले असताना तो कटच्या बाहेर होता. त्याने काय केलं? बर्डी, म्हणजे त्या होलसाठी ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी. पुन्हा बर्डी. तिसरी. आणि शेवटच्या होलवर चौथी! कट गाठला, फायनल्स गाठल्या, कार्ड परत मिळवलं. नऊ महिन्यांनी, मे २०१९ मध्ये, त्याने शार्लटला वेल्स फार्गो चॅम्पियनशिप जिंकली. बक्षीस १४ लाख डॉलरच्या वर. त्या चार होलपैकी एखाद्या ठिकाणी चेंडू कडेला लागून बाहेर आला असता तर? हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या जवळचं नाव हवंय? अनिर्बान लाहिरी, जन्म पुण्याचा. २०१५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे थेट मेजरमध्ये (गोल्फच्या चार सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी एकीत), तो संयुक्त पाचवा आला. तरी पीजीए टूरचं कार्ड त्याने त्याच वर्षी याच टूरच्या फायनल्समधून मिळवलं. तेव्हा तिचं नाव वेब डॉट कॉम टूर होतं.

तर या शुक्रवारी रात्री लीडरबोर्ड उघडा. वरची नावं राहू द्या. खाली स्क्रोल करा, ६५ व्या नंबरापर्यंत, आणि ज्यांचे दोन-तीन होल अजून बाकी आहेत, ते काय करतात ते बघा. कोण दिसलं ते कमेंटमध्ये लिहा, मी वाचणार आहे.