ठाण्याच्या रस्त्यांवर फियाट १२४ स्पायडर

वागळे इस्टेटमधील एका गॅरेजच्या लिफ्टवर उभी असलेली ही उघड्या छताची छोटी गाडी म्हणजे फियाट १२४ स्पायडर. १९६६ साली तुरीनच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिचा आकार पिनिनफारिना या संस्थेत टॉम त्यार्दा यांनी रेखाटला, तर इंजिनाची रचना पूर्वी फेरारीसाठी काम केलेल्या ऑरेलिओ लाम्प्रेदी यांनी केली. आपल्याकडे कुर्ल्यात बनणाऱ्या फियाट ११०० ला चारही चाकांवर ड्रम ब्रेक होते, त्या काळात या गाडीला चारही चाकांवर डिस्क ब्रेक होते आणि सिलिंडर हेडवर दोन कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप करणारे दांडे, होते.

ठाण्यातील मालकीणबाईंची ही गाडी १९७० च्या दशकाच्या आरंभीची आहे. गाडी पाहताक्षणी रंगाची चकाकी डोळ्यांत भरते. परंतु अशी गाडी घेताना रंगावर भरवसा ठेवू नये, हे येथे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. स्पायडरला वेगळी चासी नाही. तिचा पत्राच तिचा सांगाडा आहे, आणि पुढच्या शॉक अॅब्सॉर्बरची वरची टोके ज्या उभ्या पत्र्यांत बसतात तेथे चिखल साचून गंज चढला, की इंजिन कितीही उत्तम असले तरी गाडी रस्त्यावर नेण्यास धोकादायक ठरते. म्हणून मिस्त्रींनी आधी चाके काढली, टॉर्च हातात घेऊन आतला पत्रा ठोकून पाहिला आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या तपासल्या. खाडीकाठच्या दमट हवेत आणि कोकणपट्टीच्या पावसात गंज बाहेरून कमी आणि आतून अधिक चढतो. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवणे आणि पोकळ भागांत मेण फवारणे हे स्वस्त काम आहे. आमच्या मते या गाडीवर झालेल्या सगळ्या कामांत तेच सर्वांत मोलाचे.

आता मुख्य प्रश्न. घोडबंदर रस्त्यावर माजिवड्याच्या कोंडीत, मे महिन्याच्या दुपारी, ही गाडी तापणार नाही याची व्यवस्था कशी करायची? गाडी वेगात असताना रेडिएटरमधून वारा आपोआप वाहतो, पण उभ्या गाडीत तो वारा केवळ पंख्याला आणावा लागतो. त्यासाठी येथे अधिक जोरकस विद्युत पंखा बसवला आहे. पंखा वाढला की विजेची मागणी वाढते आणि इंजिन मंद गतीने फिरत असताना मूळ अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, तेवढा भार पेलत नाही. अल्टरनेटर बदलला, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या तारांमधून अधिक प्रवाह वाहू लागतो, आणि जुन्या जोडण्या तापतात. मूळ रचनेत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह चालकाच्या स्विचमधूनच जातो. तेथे रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवला की स्विचवर केवळ इशाऱ्यापुरता प्रवाह राहतो आणि दिवेही उजळ लागतात. एका पंख्याने सुरू झालेले काम असे वायरिंगपर्यंत पोहोचते, म्हणून सुधारणेचा क्रम वायरमनबरोबर बसून आधीच ठरवावा लागतो. पंखा आणून बसवला आणि बाकीचे नंतर पाहू म्हटले, तर वायर जळण्याची वेळ येते.

लाम्प्रेदींच्या इंजिनात कॅमशाफ्ट साखळीऐवजी दात्यांच्या रबरी पट्ट्याने फिरतात. त्या काळी हा मोठा धाडसी निर्णय होता. गाडी वर्षभर उभी राहिली तरी रबर जुने होतच राहते, त्यामुळे हा टायमिंग बेल्ट किलोमीटर पाहून नव्हे, तर वर्षे मोजून बदलायचा असतो. तो तुटला तर इंजिन मोडू शकते. व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट यांच्यामधली फट मात्र कॅमशाफ्ट न काढता, वरची चकती बदलून जुळवता येते. फिलर गेजने माप घेणाऱ्या मिस्त्रींना ती सोय पाहून झालेला आनंद आमच्या कॅमेऱ्यानेही टिपला आहे.

इंधनाचा प्रश्न आजचा आहे. आपल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या कमजोर करते, हवेतील ओल शोषते आणि त्यामुळे इंजिनात जाणाऱ्या हवा-इंधनाच्या मिश्रणात इंधन कमी पडते. म्हणून या गाडीतील पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी बदलल्या आहेत, आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या वेबर कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्या, थोडे मोठे घातले आहेत. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आहे. ते स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली दडलेले असल्याने बाहेरून दिसतही नाही.

इंजिन बदलून आधुनिक इंजिन घालावे, रुंद चाकांसाठी मडगार्ड कापावे, असे सल्ले मालकीणबाईंना पुष्कळ मिळाले. त्यांनी ते नाकारले आणि आम्हाला ते योग्य वाटते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातील अट आहे. अशी गाडी रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येते. फियाटने स्पायडर डाव्या बाजूच्या स्टिअरिंगचीच बनवली होती, आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२० प्रमाणे अशा गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक वा विद्युत इशारा यंत्रणा आवश्यक असते. इंडिकेटरची वायरिंग येथे त्यासाठीच सर्वांत आधी दुरुस्त झाली.

काढलेला प्रत्येक मूळ भाग, जुन्या पॉइंटपासून मूळ अल्टरनेटरपर्यंत, चिठ्ठी लावून एका लोखंडी पेटीत ठेवलेला आहे, कारण उद्या कोणाला गाडी मूळ रूपात हवी असेल तर एका आठवड्यात ती तशी करता आली पाहिजे, हा मालकीणबाईंचा आग्रह आहे. कापडी छताची शिवण आणि काचांभोवतीचे रबर हे काम अजून शिल्लक असून, ते पावसाळ्यापूर्वी हाती घेतले जाणार आहे.